घरचं आहे, पण किती?

वजन वाढलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "बाहेरचं बंद करा, घरचं खा." देणाऱ्याला तो देऊन मोकळं होता येतं आणि घेणाऱ्यालाही बरं वाटतं. वडापावच्या गाडीवर, पिझ्झावर आणि ऑफिसखालच्या चायनीजवर सगळा दोष टाकला की स्वयंपाकघर निर्दोष सुटतं. माझं म्हणणं असं की त्याला इतक्या स्वस्तात सोडू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुष अतिवजनाच्या किंवा स्थूलतेच्या रेषेपलीकडे आढळले. शहरी स्त्रियांत हे प्रमाण 33 टक्क्यांच्या आसपास होतं. यातल्या असंख्य बायका हॉटेलची पायरी महिन्यातून एखाद्या वेळी चढत असतील. त्यांचं वजन वाढलं ते घरच्या पोळी-भाजीवर, घरच्या चहावर आणि घरच्याच साबुदाण्याच्या खिचडीवर.

याचा अर्थ घरच्या जेवणात काही राम नाही, असा मुळीच नाही. अमेरिकेत केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. 20 माणसांना महिनाभर संशोधन केंद्रात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात तयार होणारं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साध्या जिनसांपासून रांधलेलं अन्न. समोर ठेवलेल्या अन्नातले उष्मांक, साखर, मेद, तंतू यांचा मेळ दोन्ही वेळा सारखा राखला होता आणि हवं तेवढं खायची मुभा होती. तरी पाकिटबंद प्रकारच्या अन्नावर ही माणसं रोज सुमारे 500 उष्मांक जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी 900 ग्रॅमनी वाढलं. साध्या अन्नावर ते साधारण तेवढंच उतरलं. म्हणजे रांधलेल्या साध्या अन्नाची बाजू भक्कम आहे. प्रश्न एवढाच, की आपल्या घरात आज जे शिजतं ते त्या बाजूचं राहिलं आहे का? मैद्याची बिस्किटं, फरसाण, नूडल्सची पाकिटं घरातल्या डब्यात भरली म्हणून घरची होत नाहीत. आणि जे खरोखर घरीच शिजतं, त्यात कशाचं माप किती, हे आपण विचारतच नाही.

मापाचा विषय निघाला की आधी शरीराचं माप पाहावं लागतं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि वैद्यकविश्वात गाजला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचा अगदी एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, अशी आपली ठेवण. याज्ञिकांच्या गटाने 1990 च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांत माता आणि बालकांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातही हेच दिसलं: आपली बाळं वजनाने लहान जन्मतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त. म्हणून भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्सची सावधगिरीची रेषा 25 वर न ठेवता 23 वर आणली गेली, आणि कमरेचं माप पुरुषांना 90 सेंटिमीटर, स्त्रियांना 80 सेंटिमीटर असं ठरलं. आपल्याकडचा "काही नाही हो, नुसतं पोट सुटलंय" हा दिलासा म्हणूनच फसवा आहे. पोटच तर सुटायला नको होतं. आणि इथेच हेही कळतं की प्रश्न नुसता कमी खाण्याचा नाही. पोटभर वरणभात खाऊनही स्नायूंना पुरेसं प्रथिन मिळालेलं नसतं, असा हा मामला आहे.

आता स्वयंपाकघराकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2000 उष्मांकांच्या दिवसासाठी त्यांनी सांगितलेलं कच्च्या जिनसांचं माप असं: धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम (सामिष खाणाऱ्यांना त्यातला काही भाग अंडी, मासे, मांस), भाज्या 400 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, दाणे-सुकामेवा-तेलबिया 35 ग्रॅम आणि तेल-तूप मिळून 27 ग्रॅम. साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत. हे आकडे ग्रॅममध्ये वाचले की डोक्यावरून जातात, कारण आपण ग्रॅममध्ये रांधत नाही. पण चौघांच्या घराची महिन्याची यादी करून बघा. धान्य 30 किलो, डाळी-कडधान्यं 10 किलो, तेल-तूप सव्वातीन किलो, साखर जास्तीत जास्त 3 किलो, आणि भाजी रोज 1 किलो 600 ग्रॅम.

ही यादी आपल्या नेहमीच्या वाणसामानाच्या यादीशेजारी ठेवली की वजन कुठे वाढतं ते दिसायला लागतं. गहू, तांदूळ, ज्वारी साधारण हिशेबात बसतात. डाळींपाशी गाडी अडते. तूरडाळ दोन किलो, मूगडाळ किलोभर, मटकी-मूग अर्धा-अर्धा किलो, संपली यादी. धान्य तीन वाटे तर कडधान्य एक वाटा, हा मेळ कुठल्या कुठे राहतो. चौघांसाठी अर्धी वाटी डाळ लावायची, ती घोटून वरण पातळ करायचं आणि भातावर ओतायचं. एकेकाच्या वाट्याला डाळ येते ती फार तर 15 ग्रॅम, म्हणजे प्रथिन तीन-साडेतीन ग्रॅम. भाजीची तीच कथा. पाव किलो भेंडी चिरून, परतून, आटून चौघांत वाढली की प्रत्येकाला येतात दोन चमचे. मग पोट भरायचं कशाने? तिसऱ्या पोळीने आणि दुसऱ्या भाताने. माणूस आधाशी असतो म्हणून पोळ्या जास्त खातो, असं दर वेळी नसतं. ताटात दुसरं काही पुरेसं नसतं, म्हणूनही खातो.

तेलाचा हिशेब तर सगळ्यात सोपा, आणि तोच कोणी करत नाही. चौघांच्या घरात पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर माणशी रोज 38 ग्रॅम तेल झालं, तूप-लोणी वेगळं. शिफारशीपेक्षा 11 ग्रॅम जास्त. एक ग्रॅम मेदात 9 उष्मांक, म्हणजे रोजचे शंभर उष्मांक, एका कोरड्या फुलक्याएवढे, जे ताटात दिसतही नाहीत. 2025 च्या फेब्रुवारीत 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी तेल दहा टक्क्यांनी कमी करायचं आवाहन केलं. आवाहन चांगलंच आहे, पण दहा टक्के कशाचे? डबा कधी उघडला आणि कधी संपला हे ज्या घरात कोणालाच सांगता येत नाही, तिथे टक्केवारी काढणार कुठून?

तेल जातं कुठे, हे ओट्यापाशी उभं राहून पाहावं. कढईत तेल ओततात ते बहुधा थेट पिशवीतून किंवा किटलीतून, अंदाजाने. कढई रुंद, त्यामुळे तळ झाकला जाईपर्यंत धार थांबत नाही. मोहरी तडतडायला खरं तर दोन चमचे तेल पुष्कळ होतं. तेवढं तेल कढईत दिसत नाही, पळीत दिसतं. म्हणून आमटीची फोडणी पळीत करून वरून ओतायची जुनी रीत हिशेबी होती. फोडणी पळीत घातली की जास्तीचं तेल मावतच नाही. तसंच झाकणावर पाणी ठेवून वाफेवर भाजी शिजवणं. दुधी, गवार, फ्लॉवर, घेवडा या भाज्या कढईवर खोलगट झाकण आणि त्यात पाणी ठेवलं की स्वतःच्याच ओलाव्यात शिजतात, तळाला लागत नाहीत. लागल्याच तर झाकणातलं गरम पाणी हाताशी असतं. आज गॅस मोठा, वेळ थोडा आणि "तेल सुटेपर्यंत परता" हा व्हिडिओतला मंत्र. पंजाबी ग्रेव्हीसाठी ठीक असलेली कृती रोजच्या भेंडी-वांग्याला लावली की चव वाढल्यासारखी वाटते आणि किटली लवकर रिकामी होते.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक 1970 मध्ये आलं आणि घराघरांत पोचलं, त्याचं एक मोठं कारण त्यातलं वाटी-चमच्याचं माप. नव्या संसारातल्या मुलीचा पदार्थ बिघडू नये म्हणून ते माप होतं. आता पदार्थ बिघडत नाहीत, पण माणसं बिघडतात. तेव्हा तोच चमचा तेलासाठी, साखरेसाठी आणि मिठासाठी पुन्हा हातात घ्यायला हवा. चहाचंच बघा. कपाला दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम. दिवसाला तीन कप झाले की 30 ग्रॅम; शिरा, श्रीखंड, बिस्किटं यांना हात लावायच्या आधीच मर्यादा ओलांडली. आणि उपास? 75 ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट आणि दीड मोठा चमचा तूप धरलं तर खिचडीची बशी 600 उष्मांकांच्या घरात जाते, प्रथिन काय ते कुटातलं. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्याच लोकांनी केली, ती उगीच नाही.

यावर एक उत्तर हमखास येतं: "आपली आजी हेच खात होती, तिला काही झालं नाही." या उत्तरात दोन घोटाळे आहेत. एक, आजी दळत होती, पाणी भरत होती, शेतावर किंवा निदान अंगणात दिवसभर वाकत होती. चार भाकऱ्या तिच्या अंगाला लागत नव्हत्या, त्या कामाला लागत होत्या. आपण तिची भाकरी घेतली आणि तिचे कष्ट मिक्सर, मोटार आणि लिफ्टच्या हवाली केले. दुसरा घोटाळा जास्त गंभीर आहे. पारंपरिक मराठी आहार म्हणून आपण डोळ्यांसमोर आणतो ते डाव्या-उजव्या बाजूंनी सजलेलं ताट. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर एकीकडे; भाजी, उसळ, आमटी दुसरीकडे. ते ताट किती घरांत रोज वाढलं जात होतं? महाराष्ट्रातल्या फार मोठ्या समाजाचं रोजचं जेवण भाकरी आणि ठेचा किंवा कांदा एवढंच होतं. 1972 च्या दुष्काळात लोकांनी आयात केलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले, ते पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. परंपरा म्हणून तिच्यापुढे हात जोडायचे तर उपाशी घरांकडे पाठ फिरवावी लागते. परंपरेतून घ्यायचं ते तंत्र: मोड आणणं, आंबवणं, वाफवणं, ताकात भाजी शिजवणं, भाजणीत चार धान्यं-डाळी एकत्र दळणं. प्रमाण मात्र आपल्या आजच्या बैठ्या अंगाला बेतून घ्यावं लागेल.

मग डाएटचं काय? डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवा असं सांगितलं आणि महाराष्ट्रात खेडोपाडी लोकांनी ते उचललं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांनी तूप-भाताची, केळी-काजूंची भीती घालवली. दोघांचं एक ऋण मान्य करायला हवं: वजन हा विषय त्यांनी जिममधून काढून मराठी घरात आणला. पण ऐकणाऱ्यांनी ऐकलं ते सोयीचं. एकाकडून घड्याळ घेतलं, दुसरीकडून तुपाची परवानगी घेतली, आणि ताटातलं प्रमाण जिथे होतं तिथेच राहिलं. शिवाय डाएट ही एका माणसाची गोष्ट असते. घरात चौघांसाठी एक स्वयंपाक आणि डाएटवाल्यासाठी दुसरा, ही व्यवस्था किती दिवस चालणार? महिनाभर चालते, मग रांधणारी थकते, आणि वजन मुक्कामाला परत येतं.

ती रांधणारी थकते, हे वाक्य आपण नेहमी घाईने ओलांडतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची 88 मिनिटं. पौष्टिक घरगुती जेवणाचा उपदेश करणारे बहुतेक लेख या आकड्यांकडे काणाडोळा करतात. कडधान्य रात्री भिजत घालायचं, सकाळी उपसून फडक्यात बांधायचं, पालेभाजी निवडायची, धुवायची, कोशिंबीर ऐन वेळी चोचवायची: वजन आटोक्यात ठेवणारं नेमकं जे अन्न, तेच करायला वेळखाऊ. पोळी आणि बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी अर्ध्या तासात होते. दिवसभर नोकरी करून सात वाजता घरात शिरलेल्या बाईने बटाटा चिरला तर तो तिचा आळस म्हणायचा का?

तिच्या स्वतःच्या ताटाकडेही बघा. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती बसते. मुलाने टाकलेली अर्धी पोळी, कढईच्या तळाशी उरलेला मसाला, उद्यापर्यंत टिकणार नाही म्हणून भाताचे दोन घास: अन्न वाया जायला नको, हा संस्कार तिच्याच अंगावर जमा होतो. डाळीची वाटी मात्र तोवर संपलेली असते. बायकांच्या वजनाविषयी बोलताना "तोंडावर ताबा नाही" म्हणणाऱ्यांनी घरात शेवटी कोण जेवतं, एवढं एकदा पाहावं. वजन उतरवायचा सगळ्यात स्वस्त उपाय अनेक घरांत हाच ठरेल: सगळ्यांनी एकत्र बसायचं, भाजी-डाळ आधी सारखी वाटून घ्यायची, आणि भाजी निवडायचं काम टीव्हीसमोर बसलेल्याने करायचं. भिजवलेली मटकी कुणीही बांधली तरी मोड येतातच. एक वाटी कोरडी मटकी अडीच-तीन वाट्या होते आणि फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. रविवारी एवढं केलं तर आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी बटाट्यावाचून निभतात. मासे खाणाऱ्या घरात बांगड्याचं तिखलं किंवा दोन उकडलेली अंडी हे काम त्याहून कमी वेळात करतात.

इथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. हे सगळं ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी मी बोलतो आहे, आणि सगळ्यांना ते परवडत नाही. जानेवारी 2023 पासून रेशनवर प्राधान्य गटातल्या कुटुंबांना माणशी 5 किलो धान्य मोफत मिळतं. चौघांच्या घराला 20 किलो, म्हणजे वरच्या यादीतल्या धान्याचे दोन तृतीयांश. भुकेला ही मोठी मदत आहे आणि ती हवीच. पण डाळींच्या 10 किलोंसाठी आणि रोजच्या दीड किलो भाजीसाठी हे कुटुंब बाजारभावाने पैसे मोजतं. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात काय होतं? रवा एक किलो, साखर एक किलो, पामतेल एक लिटर आणि चणाडाळ एक किलो. सणाला गोडधोड हवं, याबद्दल तक्रार नाही. पण डाळीचा तो सणापुरता एक किलो सोडला, तर सरकारला स्वस्त करून देणं सुचतं ते पीठ, साखर आणि तेल, आणि महाग राहतं ते कडधान्य, भाजी, अंडं, दूध. मग गरीब घरातही कृश मूल आणि स्थूल आई एकाच छपराखाली दिसतात, यात नवल ते काय? आहाराचा उपदेश करण्याआधी रेशनच्या दुकानात डाळ कायमची यावी, आणि मुलांच्या शाळेतल्या ताटात अंडं टिकावं, अशी मागणी करणं जास्त उपयोगाचं आहे.

आता वजन उतरवणारी इंजेक्शनंही भारतात आली आहेत. ज्यांना स्थूलतेचा आजार आहे, मधुमेह आहे, त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो आणि त्यात लाज वाटायचं कारण नाही. काहींचं शरीरच वजन धरून ठेवणारं असतं, थायरॉइडसारखे आजार असतात, औषधांनी वजन वाढतं. त्यांना स्वयंपाकघराचं तत्त्वज्ञान ऐकवून उपयोग नाही. पण इंजेक्शनने भूक कमी झाली तरी जो थोडा घास पोटात जाईल त्यात डाळ हवी की पाव, हा प्रश्न उरतोच. किंबहुना खाणं थोडं झालं की तो जास्तच महत्त्वाचा होतो, कारण वजनाबरोबर स्नायूही उतरतात. चालणं, वजनं उचलणं हेही हवं. मात्र अर्धा तास चालून जळतं ते दोन लाडवांत भरून निघतं, हे चालणाऱ्यांनीही लक्षात ठेवलेलं बरं.

तेव्हा जिभेला बांध घालायच्या प्रतिज्ञा पुढे ढकला आणि एवढं करा. तेलाचा नवा डबा उघडाल तेव्हा त्यावर खडूने किंवा पेनाने तारीख घाला. पंधरा किलोचा डबा चौघांना साडेचार महिने पुरायला हवा. तुमच्याकडे किती पुरतो ते बघा. पुढच्या महिन्याची यादी करताना एक पोतं धान्य लिहिलंत, तर त्याच्या एक तृतीयांश कडधान्य आहे का, हे शेजारी मांडा. नसेल तर तांदळातून दोन किलो कमी करून तेवढी मसूर, चवळी किंवा हरभरे वाढवा. भाजी पावावर न आणता किलोवर आणा, आणि ती निवडायला घरातल्या दुसऱ्या माणसाला बसवा. हे तीन महिने करा, आणि मग कमरेला टेप लावा. त्याआधी लावायची गरज नाही.